साठ घटकांतील एक घटका

(देवस्थानच्या वर्धापनदिनी महाजन कुटुंबीयांच्या मेळाव्यात झालेले व्याख्यान)



देवळाचा दिवस कसा चालतो हे या सभामंडपात बसलेल्यांना निराळे सांगावयास नको. पहाटे दार उघडते, निर्माल्य उतरते, अभिषेक व पूजा होते. माध्यान्ही महानैवेद्य व आरती. पुष्कळ देवळांत त्यानंतर काही वेळ गर्भगृहाचे दार लोटले जाते. सायंकाळी दिवे लागतात, पुन्हा आरती, आणि रात्री शेजारती होऊन देव निजतो. तपशील देवळागणिक वेगळे असतील, परंतु दिवसाच्या या आखणीत विश्रांतीची जागा ठरलेली आहे. रात्रभर प्रवास करून मुंबईहून किंवा बेळगावहून आलेला महाजनही दार बंद दिसल्यास निमूटपणे चौकात बसून राहतो. देवाने आज दुपारची विश्रांती रद्द करावी, असा ठराव कोणत्याही सर्वसाधारण सभेत आल्याचे ऐकिवात नाही.

आता त्याच महाजनाच्या घरचा दिवस पाहावा. घर मडगावचे असेल, फोंड्याचे असेल, नाहीतर पोटापाण्यासाठी गाव सोडून गेलेल्या पिढीने दादर-पार्ल्यात वसविलेले असेल. घरात ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. त्यांची स्मृती गेली आहे. रात्री दोनदा-तीनदा उठून त्या दार उघडू पाहतात. सून पन्नाशी उलटलेली. पहाटे पाचला ती उठते. पाणी तापविणे, देवाच्या पूजेची तयारी, सोवळ्यातील नैवेद्य, सासूबाईंचे स्नान, त्यांच्या गोळ्या, त्यांना भरविणे, यजमानांचा नाश्ता, गॅसवाला, कामवालीचा खाडा, बँकेचे काम, आणि रात्री अकरा वाजता परदेशातील मुलाचा फोन, कारण तेथे तेव्हा त्याला सवड असते. सकाळी ओतलेला तिचा चहा निवून जातो. तिचे जेवण तीन वाजता, तेही बहुधा ओट्याशी उभ्याने. कोणी विचारले की, बाई, तुम्ही विसावता केव्हा, तर ती हसून म्हणते, "विसाव्याला वेळ कुठला?"

हे चित्र कोण्या एका घरचे नव्हे. ऐकताना अनेकांच्या डोळ्यांपुढे आपापल्या घरातील कोणी ना कोणी उभी राहिली असेल. आजच्या विवेचनाचा विषय ती आहे. देवाला लाभणारी विश्रांती तिच्या वाट्याला का येत नाही, न आल्यास तिच्या शरीराचे काय होते, आणि ती यावी यासाठी घराने काय करावे, एवढाच त्याचा आवाका.

'ताण' हा शब्द हल्ली इतका सैल झाला आहे की परीक्षेला बसणारा मुलगाही तो वापरतो आणि साडी निवडणारी मुलगीही. वैद्यकशास्त्रात मात्र त्याला नेमका अर्थ आहे. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी वेदना, भूक, भीती आणि क्रोध यांनी शरीरात होणाऱ्या बदलांवरील आपला ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध केला. संकट समोर आले की मूत्रपिंडांवरील ग्रंथी अॅड्रिनलिन सोडतात, नाडी जलद होते, रक्तात साखर उतरते, पचन मंदावते आणि स्नायू झुंजण्यास किंवा पळण्यास सज्ज होतात, हे त्यांनी दाखविले. पुढे १९३६ साली हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून असे मांडले की कारण कोणतेही असो, त्रास दीर्घकाळ चालू राहिला तर शरीराची प्रतिक्रिया एका ठरावीक वळणाने जाते आणि अखेर शरीर थकते. वाघ दिसल्यावर धावणे हिताचे. परंतु वाघ गेल्यावर श्वास खाली बसावा, अशी शरीराची योजना आहे. ज्या घरात वाघ रोज पाच वाजता उठतो आणि अकरा वाजेपर्यंत निजत नाही, त्या घरात तो श्वास खाली बसतच नाही. रक्तदाब चढता राहतो, झोप तुटक होते, साखर वाढते, अन्नावरील वासना तरी उडते किंवा अवेळी गोडधोड खाण्याची ओढ तरी लागते.

या बाबतीत एक प्रयोग मुद्दाम सांगण्याजोगा आहे. १९९५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या, आणि वय व सांपत्तिक स्थिती यांत त्यांच्याशी जुळणाऱ्या, परंतु अशी शुश्रूषा माथी नसलेल्या आणखी १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एक छोटी जखम वैद्यकीय पद्धतीने करण्यात आली आणि ती भरून येण्यास किती दिवस लागतात ते मोजले. दुसऱ्या गटात सरासरी ३९.३ दिवस लागले. शुश्रूषा करणाऱ्यांना ४८.७ दिवस. तीच त्वचा, तेवढीच जखम, आणि नऊ दिवसांचा फरक. मनावरचा भार मनातच राहतो असे मानणाऱ्यांनी हे नऊ दिवस ध्यानी घ्यावेत. वर वर्णिलेल्या सुनेची स्थिती या १३ स्त्रियांहून तसूभरही निराळी नाही.

गोव्यापुरते बोलावयाचे तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: प्रौढांपैकी २६.४ टक्के. याचे सारे खापर ताणावर फोडणे अशास्त्रीय ठरेल. आनुवंशिकता आहे, ताटातील भाताचा डोंगर आहे, दुचाकीवाचून कोपऱ्यावरच्या दुकानातही न जाण्याची सवय आहे. परंतु ज्याला मधुमेह जडला आहे त्याला पथ्य, चालणे आणि वेळेवर औषध या तिन्ही गोष्टींसाठी दिवसात जागा लागते, आणि ती जागाच नसेल तर वैद्याच्या चिठ्ठीचा उपयोग तो काय?

स्वतःकडे लक्ष देणे ही पाश्चात्त्यांची चैन होय, असा एक समज वडीलधाऱ्या मंडळींत आढळतो. तो ज्या आदराने बोलला जातो त्याच आदराने बाजूला ठेवावयास हवा, कारण आपल्याकडील ग्रंथ अगदी उलट सांगतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात पहिल्या अध्यायानंतर लगेच, दुसऱ्याच स्थानी, दिनचर्येचा अध्याय येतो. रोग, निदान, चिकित्सा हे सारे पुढे. त्या अध्यायात अभ्यंग रोज करावा असे म्हटले आहे आणि डोके, कान व पाय यांना विशेष करून. चरकाने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात दृष्टान्त दिला आहे तो असा की, नगराचा स्वामी जसा नगराची आणि रथी जसा रथाची दक्षता बाळगतो, तशी शहाण्याने आपल्या शरीराची बाळगावी. देवस्थानचे विश्वस्तपद ज्यांनी सांभाळले आहे त्यांना हा दृष्टान्त चटकन उमगेल. देवाची मालमत्ता आपल्या हाती सोपविलेली असते. ती झिजवून टाकण्याचा अधिकार विश्वस्ताला नसतो.

त्याच चरकसंहितेतील सातवा अध्याय तर प्रत्येक स्वयंपाकघरात वाचला जावा. त्याचे नावच 'न वेगान्धारणीय'. शरीराचे नैसर्गिक वेग अडवू नयेत, हा त्याचा विषय. असे वेग तेरा सांगितले आहेत आणि त्यांत मलमूत्र, शिंक, जांभई, ढेकर यांच्या बरोबरीने भूक, तहान, झोप, श्रमाने लागलेली धाप आणि अश्रू हेही आहेत. अश्रूंना शिंकेच्या पंक्तीला बसविणाऱ्या त्या आचार्यांचे कौतुक करावे तितके थोडे. आता त्या सुनेच्या दिवसाची उजळणी करावी. भूक तीन वाजेपर्यंत अडविलेली. तहान लागली तरी पुन्हा उठावे लागेल म्हणून पाणी कमी प्यालेले. लघुशंका 'एवढे आटोपले की' म्हणून लांबविलेली. झोप दोनदा मोडलेली. धाप लागली तरी बसणे नाही. आणि डोळ्यांत पाणी आले तर ते कांद्याच्या नावावर खपविलेले. तेरांपैकी सहा वेग एका दिवसात अडविले गेले. गंमत अशी की अडवावयास हवेत असे वेगही तोच अध्याय सांगतो: लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर हे त्यांतले. घराघरांत नेमके उलट चालते. भूक आणि झोप दाबली जाते, आणि क्रोध मोकळा सोडला जातो, बहुधा धाकट्यांवर.

मग करावयाचे काय? दिवस-रात्र मिळून साठ घटका होतात आणि घटका म्हणजे चोवीस मिनिटे. साठांतील एक घटका तिने स्वतःसाठी राखावी, एवढीच मागणी आहे. ही मागणी अगदीच हवेतील नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सांगितला आहे. रोजची एक घटका चालले तर आठवड्याची १६८ मिनिटे होतात. घरकामात पुष्कळ चालणे होते, हे खरे. त्याने शरीर हलते, पण मन ओट्यापाशीच राहते. अंगणाबाहेर पडून, हाती पिशवी न घेता, वाटेत भाजी घ्यावयाची नाही असे ठरवून चालणे, ही बाब वेगळी.

ज्यांना गुडघे साथ देत नाहीत त्यांनी बसून जप करावा. येथे श्रद्धेचा प्रश्न क्षणभर दूर ठेवून केवळ श्वासाचा विचार करावा. २००१ च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये एक अभ्यास आला. इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी माणसांना एकदा ख्रिस्ती जपमाळेतील लॅटिन प्रार्थना आणि एकदा एक बौद्ध मंत्र म्हणावयास लावला. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि हृदय व रक्तदाब यांचा परस्पर मेळ राखणारी शरीरातील यंत्रणा अधिक तत्पर झाली. गोव्यात या निष्कर्षाचे नवल वाटू नये. तिन्हीसांजेला एका घरात शुभंकरोति होते आणि शेजारच्या घरात तेर्स, आणि दोन्ही घरांतील म्हाताऱ्या त्यानंतर जराशा निवांत दिसतात. मात्र जप घाईघाईने, 'एकशेआठ झाले एकदाचे' म्हणून उरकला तर श्वास मंदावत नाही. संख्या थोडी असली तरी चालेल. श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळाहून लांब असावा.

रात्री निजण्यापूर्वी पायांच्या तळव्यांना कोमट खोबरेल चोळणे ही आजीने पाळलेली गोष्ट. तिला दोन मिनिटे पुरतात. दुपारच्या वामकुक्षीबद्दल मात्र थोडे सावध बोलले पाहिजे. दुपारी एक ते तीन-चार दुकाने बंद ठेवण्याची गोव्याची जुनी रीत बाहेरच्यांच्या थट्टेचा विषय झाली आहे. चरकाने दिवसाची झोप सरसकट मान्य केलेली नाही. ग्रीष्मात, तसेच थकलेले, वृद्ध, बालक, दुर्बळ अशांना ती सांगितली आहे. रात्री दोनदा उठणारी सून थकलेल्यांत मोडते, याबद्दल कोणाही वैद्याचे दुमत होऊ नये. अर्धा तास पाठ टेकावी, गजर लावावा आणि उठावे. दोन-दोन तासांची झोप रात्रीची झोप पळवते.

यात नवे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. नाहीच. पूर्वीच्या जीवनक्रमात बाईच्या मनाला वाट देणाऱ्या काही जागा होत्या. जात्यावर ओवी होती, भाद्रपदात फुगडी, पौषात गावोगावच्या मांडावर धालो. पण म्हणून तो काळ सुखाचा होता, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या पिढीतील कित्येक स्त्रियांना महिन्यातील चार दिवस बाजूला बसणे हीच काय ती विश्रांती मिळे, आणि तीही अस्पर्शतेच्या किमतीने. ओवी गेली, जाते गेले, ही फार वाईट गोष्ट झाली असे जात्यावर बसलेल्या कोणीही म्हणणार नाही. वाईट एवढेच झाले की यंत्राने वाचविलेला वेळ तिच्या पदरी न पडता इतर कामांनी बळकावला.

किती बळकावला, याचा हिशेब उपलब्ध आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर घेतलेल्या वेळेच्या पाहणीत असे आढळले की घरचे बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात. असे काम करणारे पुरुष ९७. फरक २०२ मिनिटांचा, म्हणजे आठ घटकांहून अधिक. तिला हवी आहे एक. म्हणून 'वेळ काढा' असा उपदेश तिला एकटीला करणे व्यर्थ आहे. ज्याच्या हाती वेळ आहे त्याने तो दिल्याखेरीज तिला तो मिळावयाचा नाही. संध्याकाळी साडेपाच ते सहा सासूबाईंजवळ यजमान बसतील, असे ठरले आणि कॅलेंडरवर लिहिले गेले तर ती घटका निर्माण होते. 'जमेल तेव्हा बसतो' असे म्हटल्यास होत नाही. देवळाच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीचे शीर्षक असते. त्यापुढे रक्कम न लिहिता 'उरल्यास करू' असे लिहून ते मामलेदार कचेरीत पाठवून पाहावे!

हे ठरवून लिहिण्याचे महत्त्व गोव्याच्याच भूमीवर सिद्ध झाले आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याने ग्रासलेल्या ४९५ प्रौढांवर एक प्रयोग केला. तो २०१७ साली 'लॅन्सेट' मध्ये आला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटींत त्यांनी मुख्यतः एवढेच केले की रुग्णाने सोडून दिलेल्या, मनाला बरे वाटविणाऱ्या लहानसहान गोष्टी कोणत्या ते शोधावयाचे, त्यांना दिवसातील वेळ नेमून द्यावयाचा आणि पुढच्या भेटीत झाले की नाही ते पाहावयाचे. तीन महिन्यांनी नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के, तर हे साहाय्य मिळालेल्यांत ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. बरे वाटले की बागेत जाईन, असे रुग्ण म्हणतो. या प्रयोगाने क्रम उलटा लावला: आधी बागेत जावे, बरे वाटणे मागून येते.

पुरुषवर्गाला येथे मोकळे सोडणे अन्यायाचे होईल. निवृत्तीनंतर देवस्थानचे खजिनदारपद घेणाऱ्या गृहस्थांनाही हिशेब, निवडणूक आणि तंटे यांनी झोप नसते. मानपानाच्या वादात कितीजणांचा रक्तदाब चढला, याची नोंद इतिवृत्तात केली जात नाही, एवढेच. त्यांनी रात्री नऊनंतर समितीविषयीचा फोन घेऊ नये, आणि मोबाईलवरील महाजनांच्या गटातील संदेशांना रात्री उत्तर देऊ नये. सकाळपर्यंत देऊळ जागचे हलत नाही.

एक सावधगिरी मात्र अवश्य सांगितली पाहिजे. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातापर्यंत जाणारी कळ, घाम, अकस्मात धाप ही लक्षणे 'ताणामुळे असेल' म्हणून जपमाळ घेऊन बसण्याची नव्हेत. त्यासाठी तत्काळ रुग्णालय गाठावे. दोन-दोन आठवडे मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, जगणे नकोसे होणे, हेही घटकाभर चालण्याने निभावणारे दुखणे नव्हे. डॉक्टरांकडे जावे. ते लगेच शक्य नसेल तर केंद्र सरकारची २०२२ साली सुरू झालेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

आता देवस्थानकडे येऊ. ज्या घरी वर्षानुवर्षे कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, त्या घरची सून जत्रेला येत नाही. यजमान येतात, पालखीला खांदा देतात, प्रसाद घेऊन जातात. आणि ती आली नाही हे दोन-तीन वर्षांनी कोणाच्या ध्यानातही राहात नाही. समितीकडे महाजनांची यादी आहे. अशी घरे कोणती, हे तीत चिन्हांकित करणे एका बैठकीचे काम. त्याच गावात किंवा उपनगरात राहणाऱ्या दुसऱ्या महाजन कुटुंबातील दोघांनी आधी चार वेळा त्या घरी जाऊन आजारी व्यक्तीची ओळख करून घ्यावी, औषधांच्या वेळा समजून घ्याव्यात, आणि जत्रेच्या दोन दिवसांपुरते तिच्याजवळ राहावे. अग्रशाळेतील एक खोली अशा सुनांसाठी राखून ठेवावी, आणि त्या खोलीचे दार दुपारी कोणी वाजवू नये. जेवणाच्या पंगतीत वाढावयास तिला बोलावू नये. तिने पहिल्या पंगतीला बसावे. रात्रीची पालखी पाहून दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती परत गेली तरी चालेल.